किमतीच्या रकान्यातले शंभर

घरच्या जावयाला तुम्ही कधी तोंडावर हिशेब विचारला आहे का?

नसेल, तर ही हकिगत तुमच्यासाठीच आहे. मी निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली; पण आष्टीच्या त्या बाई ठाण्यात आल्या ती दुपार अजून छातीवरून उतरलेली नाही.

परतूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बाईंचे यजमान अंकुशनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला होते. ते गेल्यावर मिळालेली सगळी रक्कम बाईंनी एका कंपनीच्या रोख्यांत, म्हणजे बाँडमध्ये, घातली होती. विकणारा त्यांचाच जावई. ठाणे अंमलदाराने तक्रारीसाठी कागद ओढला, तसा बाईंनी त्यावर हात ठेवला.

"लिहू नका, भाऊ. लेक नांदायली तिथं."

"मंग आलात कशाला, मावशी?" अंमलदार वैतागला.

"उद्या सकाळी मंदिरात लोकं ह्याच रोख्यांसाठी सह्या करायलेत. माझं बघून. मी घेतले म्हणून."

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाईंनी थोडे रोखे जालन्यातल्या एका दलालाकडे विकायला काढले होते. शंभराच्या रोख्याला त्यांनी एकशेतीस मोजले होते. दलाल शंभराच्या वर सरकायला तयार नव्हता.

"जावयाला विचारलं का?" मी म्हणालो.

"जावयाला?" बाई घाबरून माझ्याकडे बघत राहिल्या. "आमच्यात न्हाई विचारीत, साहेब."

एका घरचा जावई म्हणजे साऱ्या गावाचा जावई. म्हातारी माणसेही त्याला जावईबापू म्हणत आणि त्याने बोट दाखवले तिथे सही करत.

माझी पंचाईत झाली. फिर्याद नाही, तर उद्याच्या सह्या कशाच्या जोरावर थांबवायच्या? आणि माणूस निर्दोष निघाला, तर एका लेकीचा संसार माझ्या हातून मोडणार. डायरीत नोंद केली आणि त्याला चौकशीसाठी बोलावले. बाईंना शेजारच्या खोलीत बसवून दार लोटून घेतले.

तो अत्तर लावून, लॅपटॉप घेऊन आला. "साहेब, आपलं काम बिलकुल साफ असतं. बारा टक्के वर्षाला. एक्सेलच सांगून राह्यलं, मी न्हाई."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. यील्ड नावाचे फंक्शन होते. रोख्यातून वर्षाला खरोखर किती टक्के सुटतात, ते हे सूत्र काढते. खालच्या चौकटीत बारा झळकत होते. कंपनी खरी, रोखा खरा, व्याजही वेळेवर येत होते. मग बोट ठेवायचे कुठे?

खोटे बोलणारा पूर्ण गोष्ट घडाघडा सांगतो. तीच तुकड्यातुकड्याने विचारली की अडखळतो. मी म्हणालो, "एकेक रकाना सांगा."

"ही खरेदीची तारीख. ही मुदतीची, तीन वर्षांनी. व्याज बारा, वर्षातून एकदा. आणि शेवटी परत मिळणार शंभर."

"मधला एक राहिला. हे दुसरे शंभर कशाचे?"

"ती... किंमत. ते तसंच ठेवायचं असतं, साहेब. फॉरमॅट हाय तो."

"सासूबाईंनी किती दिले?"

त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मी तो परत वळवला.

"एकशेतीस टाका."

त्याचे बोट हलेना. मग मीच आकडा टाकला आणि एंटर दाबले. बाराचे १.६७ झाले.

हिशेब उघडा होता. तीन वर्षांचे व्याज छत्तीस, मुद्दल शंभर. एकशेतीस देऊन एकशेछत्तीस हाती. तीन वर्षांत सहा रुपये!

दार उघडले. बाईंनी सगळे ऐकले होते.

"मामी, घरातली गोष्ट घरात—" तो उठला.

"जावईबापू, उद्या गावालाबी हेच शंभर दाखविणार व्हता?"

बाईंनी अंमलदारापुढे हात केला. "द्या तो कागद, भाऊ." आणि त्यांनी सही केली.

मंदिरातला कार्यक्रम झाला नाही. पंचनामा करून लॅपटॉप जप्त केला. शंभराच्या आसपास घेतलेले रोखे तो एकशेतीसला खपवत होता, हे तपासात निघाले. लेक मात्र कितीतरी दिवस आईशी बोलली नाही. ते कोणत्याही दोषारोपपत्रात येत नाही.

दरोडेखोराला कुलूप फोडावे लागते. याला तर आपणच पाट मांडून बसवले होते! सूत्राने लबाडी केली नव्हती. त्याला खोटी किंमत खाऊ घातली होती. आणि विचारले तर अपमान होईल, ही आपली भीती त्या लबाडीवर पहारा देत होती. असला मान मला मान्य नाही.

म्हणून एक विनंती करतो. रोख्यावर सही करण्याआधी विकणाऱ्याच्या पडद्यावर किमतीचा रकाना शोधा आणि तुम्ही खरोखर देणार आहात तो आकडा स्वतःच्या बोटाने टाका. समोर जावई बसला असेल, तर आधी त्याला चहा द्या. मग टाका.