बादलीतलं सुमेर

माझी भाची सहावीत आहे आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की तिचे कान लाल होतात. माझेही होतात. मी केस मोकळे सोडते, ती टोपी घालते. त्यामुळे शाळा उघडल्याबरोबर इतिहासाच्या बाईंनी विषय वाटले आणि तिच्या वाट्याला सुमेर आलं, तेव्हा तिनं ताईला सांगायच्या आधी मला फोन केला. वर्गापुढे उभं राहून एकटीनं विषय मांडायचा, याला इथं जर्मनीत रेफराट म्हणतात.

"मावशी, सगळे माझ्याकडे बघणार," ती जर्मनमध्ये म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आमच्यात त्यावरून आता कुणी काही बोलत नाही.

"मग त्यांना बघायला दुसरं काहीतरी दे," मी म्हटलं.

हे मला अनुभवानं माहीत होतं. पुण्यात इंग्रजी शाळेत असताना मी अशा वेळी सगळ्यांत मोठा तक्ता बनवायचे आणि त्याच्या आडून बोलायचे. लोक तक्त्याकडे बघतात, माणसाकडे नाही. मग तिनं ठरवलं, की ती सुमेरी लोकांसारखी मातीची पाटी करेल. खरीखुरी, खुणांसकट. पाटी वर्गात फिरेल आणि तेवढ्यात ती बोलून घेईल.

मी वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ताई आणि भाऊजी झिंडेलफिंगेनला राहतात, भाऊजी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात आहेत. दरवर्षी चतुर्थीच्या आधीच्या शनिवार-रविवारी मी त्यांच्याकडे जाते, आणि हस्तकलेच्या दुकानातून आणलेल्या मातीचा गणपती आम्ही बाल्कनीत करतो. या वर्षी ताईच्या सासूबाईही पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणते. त्यामुळे आमचा गणपती पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी सारखा झाला.

गणपतीचं पोट थापून झाल्यावर भाचीनं उरलेली माती घेतली, तळहातावर दाबून बिस्किटासारखी चपटी केली. चायनीज जेवणाबरोबर आलेली एक चौकोनी काडी तिनं जपून ठेवली होती. तिचा कोपरा मातीत रुतवून उचलला की खिळ्यासारखी खूण उठते. लायब्ररीच्या पुस्तकात बघून तिनं एक खूण काढली, चांदणीसारखी, मध्यातून चारी बाजूंना रेघा. आकाश आणि देव, दोन्हींसाठी ती एकच खूण.

"कुठं आलं हे सुमेर?" काकूंनी विचारलं.

"आत्ताच्या इराकमध्ये, काकू. दक्षिणेला, दोन नद्यांच्या मधे."

"खजूर येतो तिथून."

"तेच. पहिली शहरं तिथं झाली म्हणतात."

"आणि शहर म्हणजे काय यांचं?"

भाचीनं जर्मनमध्ये सांगितलं आणि मी मराठी केलं. शहर म्हणजे जिथं सगळ्यांनाच शेती करावी लागत नाही. कुणी विणतं, कुणी मडकी करतं, कुणी देवळात असतं.

"कुणी मीटिंगमध्ये असतं," भाऊजी आतून म्हणाले. "आल्झो, तर मग चाकही त्यांचंच ना? म्हणजे माझी नोकरी त्यांच्यामुळे."

"ते नक्की नाहीये, बाबा."

"असू दे. आत्ता यांचे आभार मानतो. दुसरं कुणी निघालं तर त्यांचेही मानीन."

काकूंना मात्र देवांची उत्सुकता होती. भाची म्हणाली, की त्यांचा एक गोड्या पाण्याचा देव होता, फार हुशार. देवांना कामाचा कंटाळा आला म्हणून त्यानं मातीची माणसं करायची युक्ती काढली.

काकू ओल्या बोटानं सोंड गुळगुळीत करत होत्या. "मग आपण उलटं करतोय," त्या म्हणाल्या.

गणपती बसला तेव्हा पाटी चांगली वाळली होती. भाचीनं ती स्वतःच मूर्तीपुढे ठेवली, परीक्षेच्या आधी आम्ही पुस्तकं ठेवायचो तशी. रेफराट सोमवारी होता आणि विसर्जन त्याच्या आधीच्या शनिवारी. मी पुन्हा झिंडेलफिंगेनला गेले.

इथं नदीत काही सोडता येत नाही, म्हणून आमचं विसर्जन बाल्कनीत बादलीत होतं. आरती झाली. काकूंनी मूर्ती अलगद पाण्यात सोडली, मग पुन्हा आत जाऊन उरलंसुरलं घेऊन आल्या आणि तेही सोडलं. वाळलेली माती पाण्यात गेली की तिच्यातून बुडबुडे येतात आणि बारीक आवाज होतो. आम्ही सगळे वाकून तो ऐकत होतो. नंतर वाटली डाळ खाऊन झाली, आणि भाची कापूस घातलेला डबा घेऊन देवापाशी गेली.

"आजी, माझी पाटी?"

"कुठली गं?" काकूंनी विचार केला. "तो उंदीर?"

"उंदीर?" ताई म्हणाली.

"मिशा होत्या की त्याला. मला वाटलं, हिनं उंदीर करायला घेतला आणि काही जमला नाही. म्हटलं, देव निघाले आणि वाहन मागे कसं ठेवायचं."

भाऊजी स्वयंपाकघरात गेले. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते. भाची हसली नाही. तिनं घरातल्या घरात टोपी घातली आणि शांतपणे सांगितलं, की सोमवारी ती आजारी असेल. काकूंचा चेहरा उतरला. "माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या परत परत म्हणत होत्या, आणि ते ऐकवत नव्हतं.

ताई म्हणाली, दुसरी करू. पण माती संपली होती, रविवारी दुकानं बंद, आणि ओली पाटी सोमवारपर्यंत वाळणार कशी? मी कोचावर बसून लायब्ररीचं पुस्तक चाळत होते. एरवी अशा वेळी मी मधे पडत नाही.

"ओली चालेल," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कान तापले, पण पान माझ्यापुढे उघडं होतं. सुमेरच्या शाळेतली मुलं पाटीवर सराव करायची, आणि सराव झाला की ती पाटी भिजवून, मळून, तिचीच नवी करायची. "माती घेऊन जा," मी भाचीला सांगितलं. "सगळ्या वर्गाला द्यायची. पाटी एकेकाच्या हातात जाते, तेवढ्यात बाकीचे तुझ्याकडे बघतात. इथं प्रत्येक जण आपापल्या हातांकडे बघेल."

टोपीखालून तिनं विचारलं, "कुठली माती?"

आणि मग आम्ही सगळे बाल्कनीकडे बघायला लागलो.

"अहो आई, चालेल का हे?" ताईनं हळूच विचारलं.

काकूंनी उठून बादलीत डोकावून पाहिलं. "विसर्जन झालं म्हणजे देव गेले," त्या म्हणाल्या. "उरली ती माती. एरवी कुंडीत घालतोच ना? कुंडीपेक्षा शाळा बरी. फक्त पायदळी येऊ देऊ नका, आणि उरेल ती परत आणा."

सकाळपर्यंत बादलीत खाली दाट गाळ बसला होता. वरचं पाणी कुंड्यांना घातलं. पण त्या गाळाची पाटी होईना, तो बोटांतून गळत होता. भाऊजी हेअर ड्रायर आणायला निघाले. काकूंनी त्याऐवजी जुना पंचा मागवला. गाळ त्यात ओतला, गाठ मारली आणि श्रीखंडाचा चक्का टांगतात तसा टांगायला जागा शोधू लागल्या.

"माझ्या नळाला नाही हां," ताई म्हणाली.

शेवटी बाल्कनीच्या कठड्याला गाठोडं बांधलं. खाली बादली, आणि त्यात दिवसभर टप टप. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी वर बघून विचारलं, चीज करताय का.

"जा, गेनाऊ," ताई म्हणाली. म्हणजे, हो, अगदी बरोबर. खरं सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. संध्याकाळी काकूंनी ती माती पोळीच्या कणकेसारखी मळली आणि वर ओलं फडकं झाकून ठेवलं.

सोमवारी मी घरून काम करायची परवानगी काढली आणि ते ओझं उचलून भाचीबरोबर शाळेत गेले. बाई म्हणाल्या, थांबा की, मागे बसा. वर्गात टोपी चालत नव्हती. भाची उभी राहिली तेव्हा शेवटच्या बाकावरूनही मला तिचे कान दिसत होते. नद्यांवरचं पहिलं वाक्य तिनं कागदाला सांगितलं. मग ती थांबली, आणि मला वाटलं, संपलं. पण तिनं फडकं उघडलं आणि माती व तशाच चौकोनी काड्या वाटायला घेतल्या.

पुढची काही मिनिटं कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. ती बाकांमधून फिरत होती. काडी तिरकी धर. इतकं खोल नको. ही चांदणी म्हणजे देव, उंदीर नाही. हे शेवटचं का, ते वर्गाला कळलं नाही, पण मला कळलं.

"आणि खाली पाडायची नाही," ती म्हणाली. "अजिबात."

एका मुलानं हात वर केला. "सुमेरमध्ये असा नियम होता?"

ती अडखळली. हे कागदावर नव्हतं. "नाही," ती म्हणाली, "माझ्या आजीचा आहे."

वर्ग हसला. तीही हसली आणि मग कुणीतरी विचारलं, आजीचा का, म्हणून तिनं गणपतीपासून सुरुवात केली. बादली, बुडबुडे, टांगलेलं गाठोडं, चीज. आता सगळे तिच्याकडेच बघत होते. कान लालच होते, पण ती बोलत होती, कागद कुठंतरी दुसऱ्याच बाकावर राहिला होता. मी मान खाली घालून माझी पाटी करत राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

घंटा झाली. बाई म्हणाल्या, शहरांचं तर राहूनच गेलं, गुरुवारी सांगशील का? भाची म्हणाली, सांगीन, आणि नद्यांचंही अर्धं राहिलंय.

उरलेली माती माझ्या हातात देऊन तिनं मला दारापर्यंत सोडलं. "गुरुवारी तू नाही आलीस तरी चालेल, मावशी," ती म्हणाली, आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता मुलींच्या घोळक्यात निघून गेली.