खुर्चीवर न बसणाऱ्या आपा

कारंजा लाडच्या स्टँडसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्या आपा स्वतःच्या दुकानात खुर्चीवर कधी बसल्याच नाहीत. खुर्ची गिऱ्हाइकाची. त्या उभ्यानं टाइप करायच्या, मधेच दारापर्यंत जाऊन यायच्या, आणि कुणी तीच गोष्ट पुन्हा सांगू लागलं की म्हणायच्या, "एकडाव सांगतलं ना, झालं."

ही चीड त्यांनी कॉम्प्युटरलाही शिकवली होती. पूर्वी जुन्याच अर्जावर नवं नाव टाकून काम भागायचं. एकदा अनसिंगच्या एका बाईच्या अर्जात खाली आधीच्या माणसाचं नाव तसंच राहिलं, अर्ज परत आला, बाईला पुन्हा यावं लागलं. आपा त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग त्यांनी साचाच बनवला. वर एक चौकट. तिच्यात नाव टाकलं की मजकुरात, सहीखाली, पोचपावतीवर, सगळीकडे तेच आपोआप उमटायचं. मात्र चौकटीत नाव गिऱ्हाइकानंच टाकायचं, हा त्यांचा कायदा. समोरच्याचं बोट कितीही अडखळलं तरी त्या मदत करत नसत. नुसत्या येरझाऱ्या घालत.

मी पत्रकं वाचत वाढलेला. माझ्या प्रत्येक निवेदनात 'जाहीर धिक्कार' असायचाच. आपा मला नेताजी म्हणत आणि विचारत, "याच्यानं बस येईन काय?"

बस म्हणजे आमच्या गावची, सकाळची आणि संध्याकाळची. ती बंद झाली आणि कॉलेजच्या मुली घरी बसल्या. दोन घरांत तर लग्नाची बोलणी सुरू झाली. मी आयांना आपांकडे नेलं. प्रत्येकीचा वेगळा अर्ज, मजकूर एकच, धिक्कार आपांनी काढून टाकलेला. सुमनकाकूंचा पहिला नंबर. त्यांनी एका बोटानं नाव टाकलं, पण स्वतःचं नाही, मुलीचं. क्षणात अर्जभर वैष्णवी.

मी घाईनं पुसायला गेलो. अर्जदार आईच हवी, नाहीतर एसटी डेपोतले साहेब अर्ज फेकून देतील, असं बरंच बोललो.

काकू म्हणाल्या, "बसमंदी मी थोडीच बसतो? पोरगी बसते."

आपांनी माझा हात बाजूला सारला. "राहू दे, नेताजी. आता ऑफिसात पोरीलेच जा लागन."

मागच्या सगळ्या आयांनी मग मुलींचीच नावं टाकली.

गठ्ठा करून माझ्या हाती द्यायचा नाही, अशी आपांची ताकीद होती. मुली आपापला अर्ज घेऊन गेल्या. साहेबांनी चार-पाच चाळले आणि म्हणाले, मजकूर एकच आहे, एक प्रत पुरे. वैष्णवी म्हणाली, "बस बी एकच मांगून राह्यलो, साहेब. बसणाऱ्या लय हाय."

सकाळची बस सुरू झाली. मी पेढे घेऊन गेलो, तर आपांनी पुडा उघडलाही नाही. "पोरगी जाईन कॉलेजले. वापस कशी येईन?"

मागच्या वर्षी त्या लेकीकडे अकोल्याला गेल्या. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. साचा त्यांनी मला पेन ड्राइव्हवर दिला. मी आभाराचं भाषण सुरू केलं तोवर त्या गाडीकडे निघाल्याही होत्या. वळून एवढंच म्हणाल्या, "त्या चौकटीत तुयं नाव नको टाकू बरं."

संध्याकाळची बस अजून आलेली नाही. मुली रस्त्यावर मिळेल त्या गाडीला हात दाखवतात. आज पुन्हा अर्ज करायचे आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर साचा उघडून ठेवलाय, चौकट रिकामी आहे. वैष्णवी आणि बाकीच्या येतीलच. खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवून मी कधीचा उभा आहे, दारापर्यंत जाऊन येतो आहे.