कुंकू लावलं म्हणून माझा सुपरहिरो परत घेतला न्हाई

ऑनलाइन फिगर मागवणाऱ्यांनो, आज दुपारी माझ्यासोबत काय झालं ते आधी वाचा, मग ऑर्डर टाका.

कॉमिकमधल्या सुपरहिरोची फिगर, म्हंजे छोटा पुतळा, काल निमोण्यात घरी आली. कारागिरी म्हणाल तर दंडावरच्या शिरा दिसत्यात, बुटाची शिवण दिसती, दाढीचे खुंट पण रंगवल्यात. खोक्यातनं काढली तशी आई म्हणाली, "थांब जरा." ट्रॅक्टर येऊ दे न्हाईतर मिक्सर, आमच्यात नव्या वस्तूला आधी हळदीकुंकू लागतं. ह्याच्या पण कपाळाला लावलं.

मग मी त्याला टेबलावर उभा केला, तर गुडघा निखळून गडी आडवा! बघतो तर सांध्यात खिळीच न्हाई. दंडाच्या शिरा कोरत बसले आन् गुडघा बसवायचा विसरले.

आज शिरूरवरनं कुरिअरवाला परत न्यायला आला. कपाळ बघून म्हणाला, "दादा, हा वापरलेला हाय. न्हाई घेता येणार."

"अहो, वापरू कसा? उभाच राहत न्हाई!"

कस्टमर केअरला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "सर, प्रॉडक्टवर डाग आहे."

फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच उभी होती. ती पदरानं त्याचं कपाळ पुसायला लागली. मी तिचा हात धरला.

कुंकू तसंच राहणार. कंपनीला मी एक स्टार दिलाय, तो पण शून्याची सोय न्हाई म्हणून.

आता तुम्हीच सांगा, बिनखिळीचा माल पाठवणारा चुकला का त्याला कुंकू लावणारी?