तरंगाच्या निऱ्या

सुरंगीच्या वळेसराचा, म्हणजे त्या फुलांच्या गजऱ्याचा वास आला की मुंबईतली ती संध्याकाळ आठवते. मी फॅशन डिझाइन शिकत होते आणि शेवटच्या वर्षाच्या शोसाठी गावच्या देवळातल्या तरंगांवरून एक पेहराव केला होता. तरंग म्हणजे साड्या नेसवलेल्या देवाच्या उंच काठ्या. दसऱ्याला त्यांना नेसवण्याचा मान आमच्या बाबांचा. तशाच उभ्या, दाट निऱ्या मी घातल्या होत्या आणि काठाला सुरंगीच्या कळ्या रेशमाने भरल्या होत्या. घरी दाखवला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “देवाचा नेसण माणसाक कित्याक गो?” शोला ते आले नाहीत. बाकीच्या मुलींचे आईवडील पुढच्या रांगेत बसलेले, आणि आत माझ्या मॉडेलच्या निऱ्या काही केल्या ठरेनात. आमची पाळी जवळ आली तशी मी रडवेली होऊन बाबांना फोन लावला. ते म्हणाले, “घाई करू नको. मधली निरी पयली धर, बाजूच्यो आपणहून बसतत.” तशा त्या बसल्या. टाळ्या पडल्या, फोटो झाले, मुली आपापल्या माणसांबरोबर जेवायला गेल्या. रिकाम्या खोलीत मी पेहरावाची घडी घालत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. शोबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. “जेवलंस?” म्हणाले. मी जेवले नव्हते, तरी हो म्हटलं. आता बाबा नाहीत. सावंतवाडीतल्या माझ्या दुकानात नवऱ्यामुली आयांना घेऊन त्याच निऱ्या मागायला येतात, आणि दुपारी दार लोटून मी एकटीच डबा उघडते.