हरल्यानं बोलायचं

उद्धव गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईला आमच्या कॉलेजात बारावीचं प्रॅक्टिकल घेत होतो. फोन गावाकडच्या अशोकचा. "सर, उद्धव गेला," एवढंच तो म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?" त्या प्रश्नाचं आता मलाच हसू येतं आणि रडूही येतं. पण उद्धव कुठं जातच नसे. उमापूरच्या स्टँडसमोरचं त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दुकानामागची खोली आणि घर, एवढ्यात त्याचा दिवस मावळायचा. लग्नकार्यालासुद्धा त्याला ओढून न्यावं लागे. त्यामुळं हा बाबा कुठं गेला असेल ते मला खरंच सुचेना... अशोक म्हणाला, "आपला उद्धव, बे. सकाळी शटर वर करताना छातीत कळ आली." चाळिशी नुकती कुठं ओलांडली होती त्यानं. पुढचं प्रॅक्टिकल मी कसं घेतलं ते आठवत नाही. मुलांना मार्क मात्र सढळ हातानं दिले असणार, कारण यंदा कुणाचीच तक्रार आली नाही.

उद्धवला आमच्या तालुक्याबाहेर कुणी ओळखत नाही. त्याच्यावर पुरवणीत लेख यावा असं त्यानं काही केलेलंही नाही. त्यानं फक्त एका व्हिडिओ गेमवर सगळ्या गावाला बोलायला शिकवलं. मी चकलांब्याचा, तो उमापूरचा, शाळा दोघांची एकच. बारावीनंतर मी शिकायला अंबाजोगाईला आलो आणि तो औरंगाबादला जाऊन एक जुना टीव्ही, त्याला जोडायचं गेमचं यंत्र आणि आठ सीड्या घेऊन आला. स्टँडसमोर पत्र्याचं दुकान टाकलं. आठातल्या सात सीड्या चालेनात. जी चालली ती मारामारीची, आणि तिचं नाव कव्हरवरून केव्हाच पुसून गेलं होतं. माणसं माणसांशी लढायची, आणि लढता लढता एक पट्टी भरली की बटण दाबायचं. मग त्या माणसाचं जनावर व्हायचं. कुणाचा वाघ, कुणाचा लांडगा, कुणाचं रानडुक्कर. एका बाईचा ससा व्हायचा आणि तो ससा उंच उडी मारून लाथ घालायचा. बारीक चणीच्या एका म्हाताऱ्याचं जमीन उकरत आत शिरणारं एक जनावर व्हायचं. त्याला सगळे घूस म्हणायचे. ती घूस नव्हे, आपल्याकडे न सापडणारा वेगळाच प्राणी आहे, असं मी शास्त्राचा विद्यार्थी म्हणून दोन वर्षं सांगत होतो. उद्धव म्हणाला, "आपल्याकडं न्हाई ना? मग आपल्याकडं ती घूसच."

माणसाचं जनावर होण्यालाही शब्द हवाच होता. तो कुणी शोधला कोण जाणे, पण पहिल्याच आठवड्यात रूढ झाला: अंगात येणं. पट्टी भरली की "आण अंगात, आण अंगात" असा गलका व्हायचा. त्यातून एकदा भलतंच झालं. उद्धवचे आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळा लागता लागता परतायचे. त्या वर्षी त्याची आई कारखान्यावरून आली ती गाडीतून उतरून थेट दुकानाकडे, कारण मुलानं काय मांडलंय ते तिनं अजून पाहिलं नव्हतं. बाहेरूनच तिनं ऐकलं, "उद्धवच्या अंगात आलं." बाई आल्या पावली घरी गेली आणि हळदकुंकू, लिंबू घेऊन धावत आली. आत आम्ही सहा-सात जण आ वासून बसलेले आणि टीव्हीवर अशोकचा वाघ उभा. देवीचं वाहन बघून तिनं हात जोडले आणि पडद्यावरच कुंकू लावलं. तो ठिपका नेमका डाव्या खेळाडूच्या शक्तीच्या पट्टीवर बसला. पुसायची हिंमत कुणाची होणार? पुढं महिनाभर डावीकडं बसणाऱ्याला आपल्यात किती जीव उरलाय ते दिसत नव्हतं, आणि हरलेला प्रत्येक जण म्हणायचा, मी डावीकडं होतो.

या तक्रारींतूनच पुढचं सगळं घडलं. अशोक हा गावच्या पाटलांचा मुलगा, त्याला हरायची सवय नाही. आज तो जिल्हा परिषदेच्या राजकारणात आहे आणि आता ती सवय त्याला चांगली झालीय, हे मी त्याच्या परवानगीनं लिहितोय. पण तेव्हा तो हरला की रिमोट आपटायचा आणि समोरच्याच्या सात पिढ्या काढायचा. एकदा चुलतभावाशी खरोखरच गचांडी धरण्यापर्यंत गेलं. उद्धवनं दोघांना खाली बसवलं आणि नियम केला. हरल्यानं बोलायचं, जिंकल्यानं ऐकायचं. बोलायचं ते गेमबद्दल, माणसाबद्दल नाही. आणि हरलेला बोलत असताना जिंकलेल्यानं तोंड उघडलं तर त्याची पाळी गेली. मी हा नियम ऐकून हसलो होतो. मला वाटलं, शेंबड्या पोरांना शिस्त लावायचा हा प्रकार. पण त्या पत्र्याच्या दुकानात मी जितकी चोख समीक्षा ऐकली तितकी पुढं कुठल्या चर्चासत्रात ऐकली नाही.

रानडुकराची धडक जबर, पण त्याला वळायला ट्रॅक्टरएवढी जागा लागते, असं एकाचं मत. वाघ दिसायलाच वाघ, त्याचा निम्मा वेळ डरकाळीतच जातो, आणि तेवढ्यात ससा दोन लाथा घालून मोकळा होतो; हे मत खुद्द अशोकचं, आणि ते बोलताना त्याच्या चेहऱ्यावर काय कष्ट होते म्हणून सांगू. लांडग्याबद्दल दोन तट होते आणि अजूनही आहेत. अंगात लवकर आणावं की शेवटाला राखून ठेवावं, यावर तर लग्नाच्या पंगतीत वाद झालेले मी पाहिलेत. दसरा झाला की निम्मे खेळणारे आईबापांबरोबर कारखान्यावर जायचे. एक जण असाच हरल्या हरल्या ट्रकवर चढला. सहा महिन्यांनी परत आला, दुकानात शिरला आणि राम राम न करता म्हणाला, "तवा बोलायचं ऱ्हायलं होतं." आणि बोलला. सहा महिने उसाच्या फडात त्यानं ते वाक्य न वाक्य घोळवलं होतं. उद्धवनं ते सगळं मान खाली घालून ऐकलं.

कारण त्याला हरवणारा उद्धवच होता. उद्धव नेहमी घूस घ्यायचा आणि हरायचा नाही. घूस जमिनीत जायची, आपण वेड्यासारखे हवेत बुक्क्या मारायचो, आणि ती बरोबर आपल्या पायाखालून निघायची. हरायचा नाही म्हणजे बोलायचाही नाही. आधीच तो मितभाषी. त्यात स्वतःच्या नियमानं त्याचं तोंड कायमचं बंद केलेलं. गेमबद्दल सगळ्या गावाची मतं त्याच्या कानात साठलेली आणि त्याचं मत मात्र कुणाला ठाऊक नाही. मला ही गोष्ट खुपायला लागली. सगळ्यात जास्त ज्याला कळतं तोच गप्प, हे काही बरोबर नाही. मी ठरवलं, याला एकदा तरी हरवायचं आणि बोलतं करायचं. सुट्टीत घरी जायचो ते त्यासाठी. पुढं नोकरी लागल्यावर तसलंच जुनं यंत्र मी मिळवलं आणि घरी सराव सुरू केला. आमच्या घरच्या बाई म्हणाल्या, लोक संशोधन करून डॉक्टर होतात, तुम्ही घुशीवर करा. एकदाच मी अगदी जवळ गेलो होतो. त्याची पट्टी नखाएवढी उरलेली, माझा लांडगा अंगात आलेला, आणि लोडशेडिंगनं घात केला. अंधारल्या टीव्हीकडं बघत मी म्हणालो, हरलास, बोल आता. तो शांतपणे म्हणाला, "मी हारलो न्हाई. लाईट हारली. तिला बोलू दे."

दिवस बदलले. गेम मोबाईलमध्ये आल्या, पत्र्याच्या दुकानाचं मोबाईलचं दुकान झालं, पण मागच्या खोलीत तो टीव्ही राहिला. जुने खेळाडू, पोटं सुटलेले, अधूनमधून येऊन हरून, बोलून जायचे. मध्यंतरी उद्धवला इंटरनेटवर एक जागा सापडली. तिथं जगभरचे लोक आपल्या त्याच गेमबद्दल मतं लिहीत होते. त्यानं उमापूरची मतं तिथं टाकायला सुरुवात केली, शुद्ध मराठीत, खाली हरलेल्याचं नाव आणि गाव. वाचणारे यंत्रानं भाषांतर करून वाचायचे. एके दिवशी त्याचा फोन आला, लई गोंधळ झालाय, इंग्रजीत काहीतरी लिहून दे म्हणाला. बघतो तर काय, परदेशातले सात-आठ जण चिडलेले. उद्धवनं लिहिलं होतं, "एकदा घूस घेतली की तुम्हाला कोणी हरवू शकत नाही." यंत्रानं हिंदीतली घूस समजून तिची लाच केली होती. लाच घ्या आणि निर्धास्त राहा, असा सल्ला उमापूरहून साऱ्या जगाला गेला होता, आणि खाली नाव होतं: हरलेला, सुधाकर सर, अंबाजोगाई. ते मत माझंच होतं, नाकारणार कसं? मी चांगलं अर्धं पान खुलासा लिहिला. त्यावर एकानं विचारलं, मग या जनावराबद्दल दुकानवाल्याचं स्वतःचं मत काय? उद्धवनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाला, लिही, तो अजून हारला न्हाई.

गेल्या दिवाळीत मी त्याच्याशी शेवटचं खेळलो. नेहमीसारखा हरलो, नेहमीसारखा बोललो. निघताना म्हणालो, अरे, मरायच्या आधी एकदा तरी मुद्दाम हर. तो म्हणाला, "मुद्दाम हारलेल्याचं मत कामून ऐकायचं बे?" हे आमचं शेवटचं बोलणं. मनातून मी त्याच्यावर थोडा रागावूनच गाडीत बसलो, हे कबूल करतो.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात उमापूरला गेलो. दुकान उघडं होतं. कावेरी वहिनी, त्याची बायको, काउंटरवर बसून एकाच्या मोबाईलची काच बदलत होत्या. ते काम त्या लग्नानंतर त्याच्याकडूनच शिकल्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मागच्या खोलीत चहा आणला. तिथं बसल्यावर मला राहवेना. मी म्हणालो, वहिनी, वीस वर्षं या माणसाला हरवायला धडपडलो. त्याचं मत ऐकायचं राहून गेलं, याचंच वाईट वाटतं. वहिनींनी कप खाली ठेवला आणि त्यांना हसू आलं. मला वाटलं, माझं बोलणं त्यांना खुळ्यासारखं वाटलं असेल.

"भाऊजी, दर रविवारी दुपारी हारायचे की ते माझ्याकडून."

वहिनी सांगायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा हा माणूस दिवसभरात दहा शब्द बोलायचा नाही. जेवलात का, हां. उद्या जायचं का, न्हाई. पण दुकानात हरलेले लोक तासतासभर बोलतात, हे त्या पडद्याआडून ऐकायच्या. मग त्यांनी दुपारी दुकान बंद असताना एकट्यानं सराव केला, ससा घेऊन, दीड वर्ष. ससा उडीत असला की घूस खालून कितीही निघाली तरी काही उपयोग नाही, हे त्यांनी शोधून काढलं. आमच्यातल्या एकाही शहाण्याला ते सुचलं नव्हतं.

"पयल्यांदा हारले तवा बोलले. जी सुरुवात केली ती चहाची येळ झाली तरी बोलतच होते. आई कारखान्यावर जायची तवा कसं वाटायचं, ते बी त्याच दिशी सांगितलं. मला जिंकायची काय हौस नवती, भाऊजी. हारल्याबिगर बोलत न्हाई म्हटल्यावर काय करावं?"

मी विचारलं, आणि गेमबद्दल? त्यांनी जरा विचार केला. बाकीची मतं माझ्यापाशीच राहू द्या, एवढं एक तुम्हाला सांगते म्हणाल्या. घूस अगदीच कुचकामी आहे, असं त्याचं मत होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली जनावरं वाटून घेतली आणि घूस कुणाला नको होती, म्हणून दुकानदार या नात्यानं ती त्यानं घेतली. नंतर सोडवेना.

मला इतकं बरं वाटलं ते सांगता येत नाही. दिवाळीत गाडीत बसल्यापासून जो राग मी धरून होतो, तो कुणावर होता तेच आठवेना. हा माणूस बोलत होता. दर रविवारी, पोटभर, जिला ऐकायचं होतं तिच्यापाशी. आम्ही आपले उगाच त्याची काळजी करत होतो.

कप उचलता उचलता वहिनी म्हणाल्या, यंत्राला तीन आठवडे हात लावला नाही, चालतं का बघू तरी. चाललं. त्यांनी ससा घेतला. मी लांडगा सोडून घूस घेतली, आता ती दुसरं कोण घेणार म्हणून. दोन मिनिटांत हरलो. वहिनींनी टीव्हीचा आवाज बंद केला, रिमोट बाजूला ठेवला आणि पदर सावरून माझ्याकडं वळून बसल्या.

"बोला, भाऊजी."

मी बोलायला लागलो. बराच वेळ बोललो. गेमबद्दल त्यात फार थोडं होतं.