खड्ड्यातला चष्मा

कॉलेजात तिला सगळे गुणपत्रिका म्हणत. तोंडावर नाही. पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

डोळे तपासण्याचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात ती सलग तीन वर्षं पहिली. प्रकाश डोळ्यात शिरला की कुठे वाकतो आणि किती वाकतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. घरात मात्र साधं डब्याचं झाकण घट्ट बसलं तरी आधी विचार करत बसायची. आई म्हणायची, या मुलीला पाण्यात ढकललं तर ती आधी पाण्याची व्याख्या सांगेल. व्याख्या इतकी बिनचूक असेल की बुडतेय म्हणून कुणी मध्ये बोलणार नाही.

शेवटच्या वर्षी सहा आठवडे एखाद्या दुकानात प्रत्यक्ष काम करायचं होतं. मैत्रिणींनी गारेगार, चकचकीत दुकानं पटकावली. हिच्या वाट्याला आले चष्मेवाले मास्तर. शिंपी आणि कुलूपवाला यांच्या मध्ये अंग चोरून उभं असलेलं त्यांचं दुकान. पुढे काउंटर, मागे काच घासायचं यंत्र, मध्ये एक खुर्ची. खुर्ची एकच. डोळे तपासायला तीच, जेवायला तीच, आणि दुपारी मास्तरांना डुलकी लागायची तीही तिच्यावरच.

मास्तरांकडे पदवी नव्हती. चाळीस वर्षं होती. बोलणं बेताचं. ते तिला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणू लागले. त्यात आदर किती आणि चिमटा किती, याचं मोजमाप तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात परत आलेले चष्मे. दुकानाचा नियम असा, की चष्मा ज्याने केला त्यानेच तो निस्तरायचा. काय चुकलं ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी चष्म्याला बांधायची आणि डब्यात टाकायची. तिने पहिल्याच दिवशी डबा उघडून पाहिला. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या मास्तरांच्याच अक्षरात होत्या. तिला त्यांची जरा कीव आली.

पहिले दोन आठवडे तिने जमिनीवर काढले. चष्म्याचा स्क्रू खसखशीएवढा. तो तिच्या बोटांतून निसटायचा आणि फरशीवर पडताच अदृश्य व्हायचा. मग हातात लोहचुंबक घेऊन गुणपत्रिका गुडघ्यांवर रांगायची. शिंपी दाराशी येऊन विचारायचा, आज किती सापडले. कुलूपवाल्याने तर एक मोठा जाड स्क्रू आणून दिला. म्हणाला, ताई, हा सांभाळा, हा हरवणार नाही.

एका गृहस्थांची वाकडी फ्रेम तिने पुस्तकातल्या कोनात सरळ केली. कोन अगदी बरोबर होता. चष्मा मात्र नाकावर तिरका बसला, कारण गृहस्थांचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर होता. मास्तरांनी फ्रेम गरम करून एक दांडी परत वाकडी केली. म्हणाले, "मॅडम, कानांनी पुस्तक वाचलेलं नसतं."

तिने ते वहीत लिहून घेतलं. तिला वाटलं, परीक्षेला येईल.

तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री आले. बसच्या गॅरेजात सव्वीस वर्षं खड्ड्यात उभे. गॅरेजात जमिनीत माणूसभर खोल, लांबट खड्डा असतो. त्यावर बस आणून उभी करतात आणि मिस्त्री खालून तिचं पोट तपासतो. हल्ली त्यांना जवळचं धूसर दिसत होतं. गेल्या महिन्यात दोनदा त्यांनी नट नुसता बोटांनी चाचपून कसला, आणि दोन्ही वेळा बस पहिल्याच फेरीत तेल गाळत परत आली. फोरमनने सांगून ठेवलं होतं: पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत नजर ठीक झाली तर खड्डा. नाहीतर वर, कोठीघरात, सुटे भाग मोजायला.

"तिथे खुर्ची असते," मिस्त्री म्हणाले. माणसाने तुरुंगाबद्दल बोलावं तसे ते खुर्चीबद्दल बोलले.

मास्तर म्हणाले, हे गिऱ्हाईक तुमचं. तिने चाळीस मिनिटं तपासलं. मास्तर वीस मिनिटांत दोघांना तपासत, पण ते असो. तिने बायफोकल दिला: वर लांबचं पाहायची काच, खाली वाचायचा अर्धचंद्र. चष्मा लावून मिस्त्रींनी खुर्चीत बसल्या बसल्या तक्त्यावरची सर्वात बारीक ओळ घडाघडा वाचली. तिने कॉलेजच्या वहीत नोंद केली. रुग्ण पूर्ण समाधानी.

पूर्ण समाधानी रुग्ण चौथ्या दिवशी परत आला.

"ताई, खाली दिसत नाही."

तिने पुन्हा तपासलं. नंबर बरोबर. बायफोकलची सवय व्हायला आठ दिवस लागतात, असं तिने समजावलं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि डोलावता डोलावता मानेला हात लावला. पुढच्या गुरुवारी ते परत हजर. आता मानही दुखत होती. तिने तिसऱ्यांदा तपासलं. नंबर तोच. चिकाटी हवी, ती म्हणाली. मनात म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं.

ते गेल्यावर मास्तरांनी तो पत्र्याचा डबा तिच्या बाजूला सरकवला.

संध्याकाळी जेवताना तिने सगळं घरी सांगितलं. नंबर कसा अचूक, माणूस कसा हट्टी. वडिलांनी हो हो केलं. आईने विचारलं, हा माणूस चष्मा लावून बघतो काय?

"बसची खालची बाजू."

"तू बघितलीस का बसची खालची बाजू?"

तिने सांगितलं की ती अभ्यासक्रमात नाही. वडिलांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावरही तो बराच वेळ थांबला नाही.

शुक्रवारी सकाळी ती गॅरेजात गेली. शिकायला नव्हे, सिद्ध करायला. पिशवीत तपासणीची फ्रेम, वाचायचा तक्ता, मोजपट्टी. अंगात कॉलेजचा पांढरा कोट, कडक इस्त्रीचा. आत चार बस उभ्या होत्या. तिसरीखालून हातोडीचा आवाज येत होता. तिने वाकून खड्ड्यात पाहिलं.

मिस्त्रींनी चष्मा उलटा घातला होता. वरची बाजू खाली, खालची वर. दांड्या कानांवर बसत नव्हत्या म्हणून डोक्यामागून सुतळी बांधलेली. फ्रेमची नाकाची बाजू वर गेल्यामुळे चष्मा घसरत होता, म्हणून नाकावर चिंधी. आणि एवढं कमी म्हणून की काय, ते एका लाकडी खोक्यावर चढून उभे होते. डोकं जवळजवळ बसला टेकलेलं.

कुणी असा चष्मा घालतं का, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. तिथेच थांबलं.

अर्धचंद्र वर होता. काम वर होतं.

ती पायऱ्या उतरून खाली गेली. त्यांच्या शेजारी उभी राहून तिने वर पाहिलं. नळ्या, नट, तेलाचा थर. दोन मिनिटांत तिची मान भरून आली. सरळ चष्म्यातून इथलं जवळचं पाहायचं तर खालच्या अर्धचंद्रातून पाहावं लागणार. म्हणजे मान इतकी मागे टाकायची की टोपी पाठीवर पडेल. हे त्यांनी तिच्या सांगण्यावरून आठ दिवस केलं होतं. चिकाटीने.

"हे खोकं कशाला?" तिने विचारलं.

"तुमच्या चष्म्यातून फार जवळचंच दिसतं, ताई. म्हणून मीच जवळ गेलो."

तिने मोजपट्टी काढली. दुकानात तक्ता चाळीस सेंटिमीटरवर धरला होता, पुस्तक धरतात तसा. खोक्याशिवाय उभं राहिलं तर नट होता साठवर. तिने दुसरा नट मोजला, मग तिसरा. तेवढ्यात वरून तेलाचा एक थेंब पडला आणि पांढऱ्या कोटावर ऐसपैस बसला.

"मला सांगितलं का नाहीत, उलटा घातल्यावर दिसतं म्हणून?"

मिस्त्री ओशाळले. सुतळी सोडू लागले. "तुम्ही इतकं मन लावून तपासलं होतंत. वाईट वाटलं असतं तुम्हाला."

तिने तपासणीच्या फ्रेममध्ये काचा बदलत बदलत, तिथेच, खड्ड्यात उभं राहून साठ सेंटिमीटरचा नंबर काढला. हाताने कधी तक्ता, कधी नट दाखवत. नट जास्त उपयोगी पडला.

शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ. वर अर्धचंद्र असलेली काच बाहेरून मागवायची तर आठवडा जाणार. मास्तरांच्या कपाटात साध्या बायफोकलच्या न घासलेल्या काचा होत्या. हव्या त्या नंबरची एक जोडी आणि एक सुटी, उजव्या डोळ्याची. साधी काचच उलटी करून फ्रेमच्या आकारात घासायची, असं तिने ठरवलं. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, घासा.

तिने उजव्या डोळ्याची काच उलटी केली आणि यंत्रावर धरली. पाणी उडत होतं, चाक किरकिरत होतं. दीड तास गेला. काच फ्रेममध्ये चपखल बसली. तिने फ्रेम डोळ्यांसमोर धरली आणि खाली बसली.

वाचायचा अर्धचंद्र मधोमध नसतो. जवळचं पाहताना डोळे आत वळतात, म्हणून तो जरा नाकाकडे सरकवलेला असतो. काच उलटी केली की तो कानाकडे जातो. म्हणजे उजवीची काच डावीकडे लावायला हवी होती आणि डावीची उजवीकडे. हे तिला येत होतं. तोंडी परीक्षेत याच प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

मास्तर खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. यंत्र त्यांच्यासमोर तीन हातांवर.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं की."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाठ केलं असतंत."

सुटी काच होती म्हणून निभावलं. शनिवारी दिवसभर तिने दोन काचा घासल्या. या वेळी आधी शाईने काचेवर बाण काढले, नाक कुठे, कान कुठे. लहान मुलाच्या बुटांवर डावा-उजवा लिहितात तसे. शिंपी पाहून गेला. त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही. रात्री बोटांना चिरा पडल्या होत्या आणि आईने मलम लावताना एकही टोमणा मारला नाही. दोघींनाही ते जरा चुकल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी ती खड्ड्यात होती. फोरमन वर काठावर उभा. त्याच्या हातात कोठीघराची किल्ली. तो वाईट माणूस नव्हता. बस गळत परत आली की बोलणी त्यालाच बसत.

मिस्त्रींनी नवा चष्मा लावला. खोक्यावर चढायला पाय उचलला, आणि तिने खोकं पायाने मागे सरकवलं. ते जमिनीवर उभे राहिले. वर पाहिलं. मान रोजच्यासारखीच वळली, जास्त नाही.

मिस्त्रींचं बोट एका नळीवरून हळूहळू पुढे गेलं. पुढे गेलं, थांबलं, मागे आलं.

"साहेब," ते म्हणाले, "ही गाडी काल रस्त्यावर होती?"

होती, फोरमन म्हणाला.

"नळीला भेग आहे. केसाएवढी. आजची नाही." मग हळूच, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाले, "काल मीच तपासली होती."

फोरमनने वाकून पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही. त्याने डोळे बारीक केले, तरी दिसलं नाही. मग त्याने ही गाडी आज बाहेर सोडू नका म्हणून सांगितलं. किल्ली खिशात टाकली आणि तिला विचारलं, ताई, तुमचं दुकान किती वाजता उघडतं?

दुकानात परतल्यावर तिने मिस्त्रींचा पहिला चष्मा घेतला. सुतळी तशीच ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं: खुर्चीत तपासला. चिठ्ठी बांधली आणि डब्यात टाकली. शुक्रवारी फुकट गेलेली काचही टाकली. डब्यात मास्तरांच्या चिठ्ठ्या पुन्हा दिसल्या. या वेळी तिने त्या एकेक करून वाचल्या. वाचायला दुपार गेली.

सहाव्या आठवड्यात कॉलेजचे सर पाहणीला आले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीवर एक माणूस उताणा पडला होता, हात वर करून, जणू छातीवर गाडी आहे. त्याच्या शेजारी त्यांची पहिली आलेली विद्यार्थिनी आडवी, दातांत पेन्सिल, त्याचे डोळे आणि मूठ यांमधलं अंतर मोजत होती. कोटावरचा तेलाचा डाग गेला नव्हता. शिंप्याकडून आणलेल्या बाकड्यावर मिस्त्री, फोरमन आणि गॅरेजातले आणखी दोघे आपापली पाळी येण्याची वाट पाहत होते.

सरांनी घसा साफ केला. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

मास्तरांनी वहीत शेरा लिहायचा होता. त्यांनी बराच वेळ विचार केला. शेवटी एक ओळ लिहिली आणि वही सरांपुढे केली. सरांनी ती वाचली, जमिनीकडे पाहिलं, परत वाचली.

स्क्रू अजून हरवते. माझा चष्मा हिच्याकडे करायला दिला आहे.