वाळूत बसलेली गाडी

दादा जाऊन चार महिने झाले आणि मी कुडाळच्या मिस्त्रीला फोन केला. बाबांनी हट्ट धरला होता. "तेची गाडी चालताना माका एकदा बघूची आसा," असं ते रोज म्हणत. दुसरं काही मागत नसत. जेवणही नाही.

दादा मोठ्या बोटीवर इंजिनखोलीत नोकरीला होता. ही जुनी विलायती स्पोर्ट्स कार त्याने गोव्यातल्या एका बंद घरातून विकत आणली होती. दोनच माणसांची, वरून उघडी, गर्द हिरवी. एक उन्हाळा त्याने ती मालवणात फिरवली. मासळीबाजाराजवळ बायका विचारायच्या, "रे, छप्पर वाऱ्यान उडालां काय?" तो म्हणायचा, "सोदूक तर निघालंय." शेजारी बसलेली मी पुस्तकात तोंड घालायची. मग त्याला बोटीवरून बोलावणं आलं आणि गाडी बाबांच्या ताब्यात आली.

बाबांचा जन्म होडीत गेला. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढून वाळूत बसवायची, माशाचं तेल चोळायचं, वर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप घालायचे, हे त्यांना माहीत. खारं लाकूड कुजत नाही, यावर त्यांचा विश्वास होता, आणि तो होडीपुरता खराच होता. गाडीच्या शेडमधली जमीन तांबड्या मातीची, पावसात ओल धरणारी. म्हणून त्यांनी किनाऱ्यावरची वाळू आणून जाड थर घातला. टायरांतली हवा गेली तशी गाडी वाळूत पोटापर्यंत बसली. बाबांना ते बरंच वाटलं. दर वर्षी मिरगाच्या आधी ते वाळूची भर घालत आणि फडक्याने पत्र्याला तेल चोळत. शेडमध्ये गाडीला कायम मासळीचा वास यायचा.

मिस्त्री सकाळी आला. साठीचा, बारीक, कमी बोलणारा. सावकाश गाडीभोवती फिरला. बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत ऐकत होता. बाबा ओटीवर खुर्चीत बसून बघत होते.

"एवडो मोठो मेस्त," ते मला म्हणाले, "आणि नारळ घेतासारखो वाजवन बघता."

मिस्त्री हसला. "काका, पाणी आसा काय बघतंय."

त्याने लोहचुंबक काढून दारांवर, चाकांवरच्या कमानींवर फिरवलं. सगळीकडे चिकटलं. म्हणजे खाली पुट्टी नव्हती, अस्सल पत्रा होता. "वरचो पत्रो कोणी राखल्यान?" त्याने विचारलं.

"माश्याच्या तेलान," बाबा ओटीवरून म्हणाले. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला.

मग मिस्त्रीने फावडं मागितलं. एका बाजूची वाळू उपसली आणि टॉर्च घेऊन आडवा झाला. मी शेजारी उकिडवी बसले. त्याने स्क्रू ड्रायव्हर चासीवर, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, टेकवला आणि जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. आवाज झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा गेला. बाहेर काढल्यावर भोकातून तांबडा भुगा वाळूवर सांडत राहिला. त्याने हातभर पुढे तेच केलं. मग आणखी पुढे.

"आता दार बघूया," तो म्हणाला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्याने उघडून मिटून दाखवलं. छान मिटलं. मग चासीला त्यातल्या त्यात धड जागा शोधून फळीवर जॅक ठेवला, गाडी चार बोटं उचलली आणि मला दार उघडायला सांगितलं. उघडेना. दाराभोवतीची फट दबून नाहीशी झाली होती. गाडी मधोमध वाकली होती. "वाळयेन धरून ठेवलेली," तो हळू आवाजात म्हणाला. "उचलली काय मोडता."

"दुरुस्त होणार नाही?"

"होयत. नवी चासी, नवो तळ, नवे कोपरे. मग जुनी काय उरतली? वरची कातडी. ती तुमच्या भावाची गाडी म्हणूची काय, तां तुमी ठरवा. माका इचारशात तर नको."

तो उठला, हात पुसले. जायची घाई नव्हती, पण माझ्याकडे बघत नव्हता.

"बाई, ह्या गाडयेचे फोटो मी बघलेले आसत. हंय येवन वळाखलंय. दोन वर्सां झाली, तुमचो भाव माझ्या गॅरेजात इल्लो. पिशयेत फोटो आणि गाडयेचो सडको तुकडो होतो. ह्यां कशान झालां, म्हणान इचारल्यान. मी सांगितलंय, दर्याच्या वाळयेन. मीठ ओल ओढता."

"मग?"

"मग कायच नाय. घराकडसून कोण इचारूक इलो तर येळ लागतलो इतक्याच सांगा, म्हणालो तो. आणि गेलो."

दोन वर्षं. त्यानंतर दादा दोनदा सुट्टीवर आला होता. बाबा विचारत, गाडी कधी काढतोस, आणि तो म्हणे, पुढच्या सुट्टीत. मी त्याला आळशी म्हटलं होतं. "तुज्या हातसून काय होवचां नाय," असंही म्हटलं होतं, तेही बाबांसमोर. तो नुसता मान हलवून हसला होता. शेवटच्या सुट्टीत, पावसाच्या तोंडावर, बाबांना घमेली उचलेनात, तेव्हा किनाऱ्यावरून वाळू त्यानेच वाहिली. मी खिडकीतून बघत होते. बाबा दाखवत होते आणि तो गाडीच्या पोटाखाली हाताने वाळू सारत होता.

मी शेडमधून बाहेर आले. मिस्त्री मागोमाग आला.

"किती दिस लागतले?" बाबांनी विचारलं.

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. उत्तर मीच द्यायचं होतं.

मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले. "नाय होवची, बाबा. खालसून गेली ती."

ते शेडकडे बघत होते. उपसलेल्या वाळूचा ढीग ओटीवरून दिसत होता.

"मीठ," ते म्हणाले.

मी पायाला चिकटलेली वाळू झटकली.

"माका कळूक होयां होतां. लोखंड तां. होडयेचे खिळे दर वर्सा बदलूक लागत." मग माझ्याकडे वळले. डोळे कोरडे होते. "तेका ठावक होतां?"

मिस्त्री पायरीवर बसून चप्पल घालत होता. त्याचा हात थांबला.

"नाय," मी म्हटलं. "तेणा खाली बघलानच नाय कधी. आळशी तो."

बाबांनी मान हलवली, दोनतीनदा. "तसोच होतो," ते म्हणाले. "बरां झालां." मग मिस्त्रीला म्हणाले, "चाय घेतल्याशिवाय जाव नको."

मी चहा करायला आत गेले. आधण कधी उकळलं ते मला कळलं नाही.